कालव्याकाठची रपेट

स्मरणिकेसाठी 'पुण्याच्या इतिहासावर काहीतरी लिही' असा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा वाडे, पेठा, नाटकं हे सगळे विषय आपल्या हुशार मंडळींनी आधीच वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला घोडा उरला. खरं तर एवढाच एक विषय असा आहे, जो मला पुस्तकाबाहेरूनही थोडाफार माहीत आहे.

शाळेत असताना ही गोष्ट तुमच्यापैकी कोणालाच मी सांगितली नव्हती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, रेसकोर्सजवळच्या एका खासगी तबेल्यात मोतद्दार होते. पहाटे चारला उठून लीद काढायची, खरारा करायचा, चंदी द्यायची, नाल तपासायचे, हे त्यांचं काम. शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायासमोर मी दरवर्षी 'नोकरी' एवढंच लिहीत असे. डब्याला, दप्तराला तबेल्याचा वास येत नाही ना, हे मी निघताना हुंगून बघायचो.

त्या तबेल्यात एक म्हातारी कुमाईत घोडी होती. तिची शर्यत केव्हाच सुटली होती. रविवारी सकाळी आबा तिला पाय मोकळे करायला बाहेर काढत आणि कधीकधी मला वर बसवत. एम्प्रेस गार्डनच्या कडेने आम्ही कालव्याकडे जायचो. खडकवासल्याहून येणाऱ्या मुठा उजव्या कालव्याच्या काठाला तेव्हा मातीची वाट होती, बाभळी होत्या, आणि रविवारी सकाळी चिटपाखरू नसायचं. आबा पुढे लगाम धरून चालत, मी वर. जरा सवय झाल्यावर दुडकी चाल. "मांड पक्की ठेव, लगाम ओढू नको, तिला रस्ता ठाऊक आहे," एवढंच त्यांचं शिक्षण. ओल दिसली, की मात्र ते थांबत. आधी स्वतः पुढे जाऊन पायाने जमीन दाबून बघत, मग घोडीला नेत.

नववीत इतिहासाच्या सरांनी शिवाजी महाराजांचं एक पत्र वाचून दाखवलं होतं. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिलेलं आहे. पावसाळा पुढे आहे, दाणा-वैरण आत्ताच मन मानेल तशी उडवलीत तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, मग तुम्ही रयतेला लुटायला लागाल, असा त्याचा आशय. पुढे तर महाराज थेट उंदरापर्यंत येतात. रात्री दिवा जळता ठेवलात, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, ही ताकीद.

सरांनी विचारलं, "घोड्यांचा तबेला आतून कोणी पाहिलाय का?" मी मान खाली घातली.

घरी आल्यावर मात्र आबांना ते पत्र सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. आमच्या तबेल्यात गवताजवळ बिडी पेटवणाऱ्याला ते त्याच दिवशी बाहेर काढायला लावत. म्हणाले, "राजाला ठाऊक होतं म्हणायचं."

पुढे नोकरीच्या धबडग्यात वाचन सुटलं. निवृत्तीनंतर पुन्हा धरलं, तेव्हा लक्षात आलं की घोड्यामागच्या माणसाची दखल आपल्या जुन्या कागदांत आहे. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७च्या सुमाराची. तिच्यात पागेची व्यवस्था दिली आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, हे आपण शाळेत पाठ केलं. पण त्याच ठिकाणी असंही आहे, की पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी देणारा आणि नाल ठोकणारा यांच्याशिवाय फौज मोजलीच जात नव्हती. आपल्या पाठ्यपुस्तकात शिलेदार आला, बारगीर आला. पखालजी मात्र गाळला गेला.

पुण्याच्या इतिहासात घोडदळाचा सर्वांत वाईट दिवस ५ नोव्हेंबर १८१७, खडकीची लढाई. दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत होता. बापू गोखल्यांनी घोडदळ इंग्रजांच्या फळीवर सोडलं, आणि त्या फळीपुढे जो चिखलाचा भाग होता त्यात पुढची घोडी फसली, कोसळली. मागची त्यांच्यावर आली. हल्ल्याचा जोर तिथेच मोडला. त्याच महिन्यात शनिवारवाडा इंग्रजांच्या हाती गेला. पराभवाची कारणं अनेक आहेत आणि ती इतिहासकारांनी सांगितली आहेत. पण हा प्रसंग वाचला, की मला ओल दाबून बघणारे आबा दिसतात.

त्याच वर्षी जून महिन्यात इंग्रजांनी पेशव्यावर तह लादला होता. त्या तहाच्या पैशातून उभं राहिलेलं घोडदळ म्हणजे पुढची 'पूना हॉर्स'. आज ही भारतीय सेनेची रणगाड्यांची रेजिमेंट आहे. घोडे गेले, नाव राहिलं. १९६५च्या युद्धात मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर याच रेजिमेंटचे, आणि त्यांचं शालेय शिक्षण आपल्याच पुण्यात झालेलं.

पेशवाई बुडाल्यावर पुण्यातला घोडा पेठांतून लष्कर भागात गेला. १८३० साली लष्कराच्या जागेवर रेसकोर्स झालं. त्यात एक उलटापालट मला नेहमी वाटते. मराठ्यांची घोडी पावसाळ्यात छावणीत विश्रांती घ्यायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करायची. पुण्याच्या शर्यती मात्र ऐन पावसाळ्यात असतात, कारण त्या दिवसांत मुंबईत पाऊस फार. तिथला हंगाम हिवाळ्यात सुरू होतो. त्यामुळे जुलै ते दसरा-दिवाळी आबा आम्हाला घरी जवळजवळ दिसतच नसत.

घोडाही बदलला. रेसकोर्सवरचा थरोब्रेड उंच, नाजूक, लवकर बिथरणारा. आपल्या मातीतलं भीमथडीचं तट्टू ठेंगणं, काटक, कमी दाण्यावर राहणारं. ज्या भीमेच्या खोऱ्यात ते निपजलं ते पुणे जिल्ह्यातच आहे. आपल्या राज्यगीतात त्याचा उल्लेख आहे, तरी कित्येक वर्षं ते धनगरांनीच सांभाळलं, बिऱ्हाड पाठीवर लादून गावोगाव हिंडताना. अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. इथेही श्रेय सांभाळणाऱ्यांचं.

मागच्या वर्षी नातवाला घेऊन कालव्याकडे गेलो होतो. एम्प्रेस गार्डनची जुनी झाडं आहेत. सकाळी रेसकोर्सवर घोडे अजून फिरवले जातात, ते त्याला लांबून दाखवले. कालव्याभोवती वस्ती झाली आहे, वाहनांचा आवाज आहे. त्या वाटेवर आता कोणी घोडी घेऊन जाईल असं वाटत नाही. नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्हाला घोडा चालवायला कोणी शिकवलं?" मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी. ते मोतद्दार होते." हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. आबांना जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी मला त्यावरून कधी हिणवलं नाही; हिणवायला तुम्हाला माहीतच कुठे होतं? लाज माझी मीच बाळगली. सर या संमेलनाला येणार आहेत असं कळलं. त्यांना भेटून एवढंच सांगायचं आहे, की सर, नववीत तुम्ही विचारलं होतंत, तबेला आतून कोणी पाहिलाय का. मी पाहिला होता. तिथे गवताजवळ दिवा कधीच नसायचा.