भूतबाधेच्या कथांची मोहिनी

पैनगंगा खोऱ्यातील उमरखेड असो वा मुंबई, ‘बाधा’, ‘लागीर’, ‘झपाटणे’ हे शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत. भयकथेतील भूतबाधेचे आकर्षण येथूनच सुरू होते. श्वापद बाहेरून चालून येते. बाधा मात्र घरातल्याच माणसाचा चेहरा धारण करते. ज्याच्यावर माया, त्याचीच धास्ती वाटू लागते. नारायण धारप (१९२५-२००८) यांनी स्टीफन किंग यांच्या कथेवर बेतलेल्या ‘आजी’मध्ये हीच भीती नातवासमोर उभी केली. तिची छाया २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटावरही पडली. धारपांच्या इतर कथांत ‘समर्थ’ मदतीस धावून येतात. संकटावर उपाय आहे, हा दिलासाही वाचकाला हवाच असतो.

प्रत्यक्षात मात्र ‘झपाटलेला’ म्हणून ज्याला मारहाण होते, तो अनेकदा रुग्ण असतो. भूत उतरविण्याच्या नावाखाली साखळदंडाने बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा असून, त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बाधेची कथा आवडीने वाचावी; रुग्णाला मात्र डॉक्टरांकडेच न्यावे.