गळाच्या जुन्या काठ्या



बल्लारपूर हें नांव ऐकतांच कोणाच्या डोळ्यांपुढें कोळशाची खाण येईल, कोणाच्या कागदाची गिरणी, तर कोणाच्या दक्षिणेकडे जाणारी आगगाडी रात्रीं-बेरात्रीं जेथें थांबते तें स्टेशन. वर्धा नदीच्या कांठचा गोंड राजांचा किल्ला आठवणारे त्या मानानें थोडे. मी आज ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, ती यांपैकीं कशांतच मोडत नाहीं. ती आहे गळानें मासे धरण्याची काठी. आणि तीहि नवी कोरी नव्हे, तर दुसऱ्यानें वापरून टाकलेली.

अशा तीन काठ्या माझ्यापाशीं आहेत. पहिली ग्रीनहार्ट नांवाच्या विलायती व्यापारांतील लाकडाची. दुसरी वेळूच्या सहा पट्ट्या एकास एक चिकटवून केलेली, इंग्लंडांत बनलेली. तिसरी बल्लारपुरास एका बुरडाच्या दारांतून उचललेली, अखंड मानवेलाची. तिचा आधींचा धनी म्हातारपणामुळें तळ्यावर जाईनासा झाला, म्हणून ती तेथें पडून होती. पहिलीला मीं सर्वांत अधिक पैसे मोजले, दुसरीला त्याहून कमी, आणि तिसरी जवळजवळ फुकट आणली. किंमतीच्या क्रमानेंच त्यांचे गुण असतील, अशी माझी समजूत होती.

तरंगत्या गळाचा खेळ कसा असतो, हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. आंकड्याला विदर्भांत गरी म्हणतात. गरीच्या वर, दोरीवर, मोराच्या पिसाची दांडी किंवा बुचाचा तुकडा बांधलेला असतो. तो पाण्यावर उभा राहतो. मासा आमिषाला तोंड लावतो तेव्हां तो थरथरतो, आडवा होतो किंवा बुडतो. त्या क्षणीं दोरी पाण्यावरून सरळ उचलली गेली पाहिजे. म्हणून काठी लांब हवी, दहा ते चौदा फूट. आणि इतकी लांब वस्तु तासन्‌तास हातांत धरावयाची, म्हणून ती हलकी हवी. शेंडा मऊ हवा, नाहीं तर बारीक दोरी झटक्यासरशीं तुटेल. पण बुंधा मऊ असून चालत नाहीं. लांबी, हलकेपणा आणि ताठपणा हे तीन गुण एकमेकांचे वैरी आहेत. काठी करणाऱ्यांचा सारा इतिहास म्हणजे या तिघांची तडजोड होय.

ग्रीनहार्ट हें दक्षिण अमेरिकेंतील गयानाचें लाकूड. जहाजांच्या धक्क्यांचे खांब त्याचे करीत, इतकें तें पाण्याला टिकाऊ. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत इंग्रज शिकाऱ्यांना तें फार आवडे. वांकतें छान, आणि सोडलें कीं पूर्ववत् होतें. पण तें जड आहे. आणि त्याचा दुसरा दोष असा, कीं मोडतांना तें आगाऊ सूचना देत नाहीं. पितळी नळीच्या जोडापाशीं एके दिवशीं कट्‌ असा आवाज होतो आणि शेंडा पाण्यांत जातो. म्हणून गळाच्या लांब काठ्यांना इंग्लंडांतील कारागीर बहुधा मिश्र माल वापरीत: बुंधा अखंड वेळूचा, मधला भाग स्पेनांतील पोकळ बोरूचा, आणि शेंडा तेवढा चिरलेल्या वेळूचा.

चिरलेल्या वेळूची युक्ति अमेरिकेंत पूर्णत्वास गेली. पेनसिल्व्हेनियांतील ईस्टन गांवीं सॅम्युएल फिलिप नांवाचा बंदुका करणारा कारागीर होता. त्यानें 1840 च्या दशकांत वेळू उभा चिरून, पट्ट्या तासून, त्या पुन्हां चिकटवून काठीचे भाग केले. पुढें 1870 च्या दशकांत मेन प्रांतांतील हायरम लेनर्ड यानें सहा पट्ट्यांची षट्‌कोनी काठी यंत्रावर तासून बाजारांत आणली. इंग्लंडांत ॲनिक गांवीं हार्डी बंधूंनीं 1872 मध्यें दुकान काढलें, आणि थोड्याच वर्षांत तेंहि या कामांत नांवाजलें. युक्तीचें मर्म साधें आहे. वेळूचें बळ त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असतें. आंतला भाग भुसभुशीत. सहा पट्ट्यांची साल बाहेर ठेवून आंतला भाग तासून टाकला, म्हणजे भरींव, एकजीव आणि सर्व बाजूंनीं सारखें बळ असलेली काठी मिळते.

आतां हा वेळू कोठून येई? व्यापारांत त्याचें नांव होतें ‘कलकत्ता’. कलकत्ता हें अर्थातच बंदराचें नांव. वेळू वाढे तो जंगलांत. आणि तो वेळू म्हणजे ज्याला इंग्रज ‘नर बांबू’ म्हणत, वनस्पतिशास्त्रज्ञ ‘डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस’ म्हणतात, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत ज्याला मानवेल म्हणतात, तोच. जाड भिंतीचा, कोरड्या डोंगराळ जमिनींत तर जवळजवळ भरींवच होणारा. ज्यानें बल्लारपूरच्या कागदाच्या गिरणीचें पोट 1945 नंतर भरलें, त्याच जातीनें त्याच्या कितीतरी आधीं परदेशांतल्या नद्यांचे कांठ पाहिले होते.

माझ्या दुसऱ्या काठीवर वार्निशाखालीं तपकिरी-काळे डाग आहेत. ज्यानें मला ती विकली, त्यानें ते डाग म्हणजे खराबी समजून किंमत उतरविली. मीहि गप्प बसलों. खरेदी करतांना माणूस फारसा सत्यवादी राहत नाहीं. वास्तविक हे डाग म्हणजे कलकत्ता वेळूची ओळखच आहे. वेळू जाळावर धरून डागलेला असे. किडीसाठीं डागत, सरळ करण्यासाठीं डागत, अशीं अनेक कारणें जुन्या शिकाऱ्यांनीं दिलीं आहेत. कारण कोणतेंहि असो, डाग दिसले कीं काठी टोंकिन वेळूच्या आधींची समजावी.

टोंकिन वेळू विसाव्या शतकाच्या आरंभीं आला, आणि पाहतां पाहतां त्यानें कलकत्त्याची हकालपट्टी केली. गंमत अशी, कीं कलकत्त्याप्रमाणेंच याचेंहि नांव फसवें. तो टोंकिन प्रांतांत पिकत नाहीं. दक्षिण चीनमध्यें क्वांगतुंग आणि क्वांगसी प्रांतांच्या सीमेवरील एका नदीच्या खोऱ्यांत पिकतो. मॅक्ल्यूर नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें 1931 मध्यें त्याला शास्त्रीय नांव दिलें आणि त्यांत ‘मनोहर’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द घातला. एका वेळूच्या वांट्याला इतकें कौतुक क्वचित् येतें. त्याचीं पेरीं लांब, गांठी कमी आणि फारशा न फुगलेल्या. मानवेलाच्या गांठी जवळ जवळ आणि उठावदार. प्रत्येक गांठ तासावी, दाबावी, सरळ करावी लागते, आणि प्रत्येक गांठ म्हणजे एक संभाव्य दुबळें स्थान. कारागिराची मजुरी धरली तर टोंकिनची निवड योग्यच होती. 1950 मध्यें अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केला, तेव्हां तेथील कारागिरांचे हाल झाले; पण तोंवर कांचतंतूच्या काठ्या येऊं लागल्या होत्या, आणि 1970 च्या दशकांत कार्बनच्या आल्या. मानवेलाकडे परत कोणी वळलें नाहीं.

परंतु मानवेलाची बदनामी कांहीं अंशीं त्याला तोडणाऱ्या व्यवहाराची होती, असें माझें मत आहे. पावसाळ्यांत वेळूंत सत्त्व भरलेलें असतें; तेव्हां तोडला कीं घुण लागतो. आपले बुरूड आणि शेतकरी हें पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. ते पावसाळा टाळतात, कृष्णपक्ष पाहतात, आणि तोडलेला वेळू वाहत्या पाण्यांत घालून ठेवतात. ठेकेदाराला गाडाभर माल हवा असतो. त्याला पक्ष आणि तिथि कशाला? पुन्हां, पहिल्या वर्षाचा कोंवळा कोंब आणि तीन वर्षांचा पक्का वेळू यांत जमीन-अस्मानाचें अंतर; बेटांत शिरून नेमका पक्का वेळू निवडणें हें डोळ्याचें काम आहे, वजनाचें नव्हे.

आणि हा डोळा ज्यांच्यापाशीं होता, त्यांना वेळूवर हक्क नव्हता. 1878 च्या कायद्यानें रानें राखींव होत गेलीं. गांवकऱ्यांना निस्तारापुरती सवलत उरली. 1927 च्या कायद्यानें तर वेळूला झाड ठरविलें! वनस्पतिशास्त्र सांगतें कीं वेळू हें गवत आहे. पण कायद्यापुढें गवताचें काय चालणार? 2006 च्या वनहक्क कायद्यानें त्याला गौण वनोपज मानलें, आणि 2011 च्या एप्रिलांत गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवच्या ग्रामसभेस वेळूच्या वाहतुकीचा परवाना स्वतःच्या हातानें देण्याचा अधिकार मिळाला. रानाबाहेर वाढणाऱ्या वेळूचें झाडपण पुढें 2017 मध्यें गेलें. माझ्या दुसऱ्या काठीवरील चांदीसारख्या चकचकीत पाटीवर इंग्रज कारागिराचें नांव कोरलेलें आहे. ज्यानें वेळू निवडला, तोडला आणि डागला, त्याची खूण म्हणून ते काळे डाग तेवढे आहेत.

जुनी काठी घेणाऱ्यांस दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. जोड बसवून ती डोळ्याशीं धरावी. कायमची वांकली असेल तर दिसेल. सांधे पिळून पाहावे. सरस सुटला असेल तर बारीक कुरकुर ऐकूं येते. शेंड्याचा भाग इतर भागांपेक्षां आंखूड असेल तर तो केव्हांतरी मोडलेला आहे, विकणारा कांहींहि सांगो. बारीक भोंकें आणि पिठासारखी धूळ दिसली तर काठी घरींच आणूं नये. घुण तुमच्या खुर्चीलाहि लागेल. रेशमी धागा उसवला असेल, वार्निश गेलें असेल, तर त्याची चिंता नको. तें काम एका संध्याकाळचें.

तिन्ही काठ्या घेऊन मी बल्लारपुराजवळच्या एका मालगुजारी तळ्यावर गेलों. सोबत एक वृद्ध ढिवर होते. त्यांचा जन्म जाळ्यांत गेलेला. गरी म्हणजे मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा खेळ, असें ते म्हणत. ग्रीनहार्टची काठी त्यांनीं तळहातावर तोलली आणि विचारलें, “साहेब, हिनं मासा गरीला लागणार, का वजनानं मरणार?” अर्ध्या तासांत माझें मनगट भरून आलें आणि मला उत्तर मिळालें. डागांची काठी मात्र हातांत जिवंत वाटली. कणकेच्या गोळीला एक लहान रोहू लागला, तेव्हां ती बुंध्यापर्यंत वांकली आणि पुन्हां सरळ झाली. शंभराच्या आसपास वय असलेल्या वस्तूकडून याहून अधिक काय मागावें?

ढिवरबाबांनीं तोंवर बुरडाच्या दारची मानवेलाची काठी उचलली होती. तिला ना जोड, ना कडी, ना चक्र; शेंड्याला दोरी बांधलेली. ती मला वाटली होती त्याहून जड निघाली, आणि आगगाडीच्या डब्यांत ती मावणार नाहीं, हा दोष तर उघडच आहे. पण ती बाबांच्या हातांत स्थिर होती, आणि मोरपिसाची दांडी बुडण्याच्या आधीं, नुसती थरथरतांच, ते दोरी उचलीत. त्यांनीं चार मासे काढले, मीं एक. यांत काठीचा वांटा किती आणि हाताचा किती, हें मी त्यांना विचारलें. ते म्हणाले, “हा वेळू कोणी तोडला, तें मला ठाऊक आहे. तुमचा कोणी तोडला?”

दुसरी काठी मीं त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं काळ्या डागांवरून बोट फिरविलें, तिची एक गांठ नखानें चाचपली, आणि म्हणाले, “मानवेलच आहे हा.” मग ती मला परत केली आणि आपली गरी पुन्हां पाण्यांत टाकली.