मोहरे व लघुसैनिक : ने-आण (खानदेश)

पटावरच्या किंवा मेजावरच्या युद्धखेळांतील छोट्या आकृती खेळाच्या ठिकाणी न मोडता पोचवण्याची रीत. जळगाव व धुळे जिल्ह्यांत हा प्रश्न मुख्यतः बुद्धिबळाच्या मोहऱ्यांचा आहे. रंगवलेल्या लघुसैनिकांचा खेळ युरोप-अमेरिकेत रुजला. त्याची माहिती येथे तुलनेपुरती दिली आहे.

पूर्वपीठिका : बुद्धिबळाचे मूळ असलेले चतुरंग हे पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ अशा चार अंगांच्या सैन्याचे खेळरूप. त्याचा उगम उत्तर भारतात साधारण सहाव्या शतकात झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कातकामाचे जुने भारतीय मोहरे बुटके, गोलसर आणि टोके नसलेले असत. कापडी पटात किंवा थैलीत ते एकमेकांवर आपटले तरी फारसे बिघडत नसे. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील बहरामपूर-मुर्शिदाबाद भागात हस्तिदंतात कोरलेले, एका बाजूला कंपनी सरकारची फौज आणि दुसऱ्या बाजूला देशी फौज असलेले संच कपाटात ठेवण्याजोगेच होते. अंबारीचा हत्ती आणि भाला धरलेला स्वार थैलीत टाकता येत नाही.

ने-आणीचा प्रश्न खेळाच्या प्रसाराशी किती जोडलेला आहे, हे प्रशियातील उदाहरणावरून स्पष्ट होते. ब्रन्सविकच्या योहान हेलविगने १७८० मध्ये बुद्धिबळावर आधारलेला युद्धखेळ मांडला. पुढे १८१२ मध्ये बॅरन फॉन राइसविट्झ याने प्रशियाच्या राजाला स्वतःचा युद्धखेळ भेट दिला. तो म्हणजे खण असलेले एक मोठे मेजच होते : वर भूप्रदेश दाखवणारे प्लास्टरचे तुकडे, खाली खणांत सैन्याच्या सोंगट्या. राजवाड्यात त्याचे कौतुक झाले, परंतु छावणीत ते नेणे अशक्य होते. राइसविट्झच्या मुलाने १८२४ मध्ये मेजाऐवजी कागदी नकाशा आणि लाल-निळ्या रंगाचे छोटे ठोकळे घेतले, आणि तोच खेळ प्रशियाच्या पलटणींत पोचला. नियमांतील सुधारणांइतकेच श्रेय या आटोपशीर साहित्याला द्यायला हवे.

प्रमाण आकार : आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ राजाची उंची सुमारे ९.५ सेंमी, वजिराची ८.५, उंटाची ७, घोड्याची ६, हत्तीची ५.५ व प्याद्याची ५ सेंमी सुचवतो. बैठकीचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के असावा. प्रचलित स्टाँटन घडणीची नोंदणी १८४९ मध्ये लंडनमध्ये झाली. तिच्यात राजाच्या डोक्यावरचा क्रॉस आणि घोड्याचे कान ही मोडायची हमखास ठिकाणे.

खानदेशातील प्रघात : जळगावात जैन स्पोर्ट्स अकॅडमीच्या पुढाकाराने राज्य व राष्ट्रीय पातळीवरील बुद्धिबळ स्पर्धा भरल्या आहेत. खुल्या मानांकन स्पर्धांच्या माहितीपत्रकांत पट, मोहरे आणि घड्याळ खेळाडूने स्वतः आणावे, अशी अट बहुधा असते. त्यामुळे सामानाची जबाबदारी मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर येते. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी या मार्गाने जळगावला येणाऱ्या एसटीत पिशवी वरच्या फळीवर टाकली, तर वळणागणिक ती सरकते. ती मांडीवर किंवा पायांशी ठेवणे चांगले. मुंबई किंवा नागपूरकडची स्पर्धा असेल तर प्रवास रेल्वेचा. धुळेकरांना त्यासाठी अनेकदा चाळीसगावला गाडी बदलावी लागते आणि त्या घाईत मोहऱ्यांची पिशवी विसरण्याचा धोका तुटण्याहून मोठा ठरतो. निघताना आणि उतरताना ३२ मोहरे मोजण्याची सवय मुलांना पहिल्याच स्पर्धेपासून लावावी.

प्लास्टिकच्या संचाला नाडीची कापडी थैली पुरते. लाकडी संचात प्रत्येक मोहरा वेगळ्या कप्प्यात आडवा ठेवावा. आधार बैठकीला आणि धडाला मिळावा, डोके मोकळे राहावे. कप्पे नसतील तर राजे, वजीर व घोडे जुन्या सुती कापडात एकेक गुंडाळून प्याद्यांपासून वेगळे बांधतात. एका पुडीत दोन घोडे कधीही नकोत.

उष्णता : या प्रदेशातील खरी अडचण हीच. स्पर्धा सुट्टीत भरतात आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. भारतात लाकडी मोहरे मुख्यतः अमृतसरला घडतात. बैठक जड व्हावी म्हणून त्यांच्या पोटात धातूचे वजन भरलेले असते. कोरड्या उन्हात लाकूड आकसते, आतला धातू आकसत नाही, आणि बैठकीला उभी चीर पडते. नवा, महाग संच उन्हात उभ्या मोटारीत ठेवून जेवायला जाणे म्हणजे तो गमावणे. गुंडाळायचा प्लास्टिकचा पट उन्हात वळलेलाच राहतो. तो सैल गुंडाळावा आणि पोचल्यावर काही वेळ सपाट, वजनाखाली ठेवावा.

लघुसैनिक : २८ मिमी उंचीच्या रंगवलेल्या आकृतींना फोमचे कापीव खण किंवा बैठकीखाली निओडिमियम चुंबक व तळाला लोखंडी पत्रा असलेली पेटी वापरतात. फोममध्ये भाल्याचे टोक अडकून तुटू शकते आणि रंग घासला जातो. चुंबकाच्या पद्धतीत आकृतीला काहीच शिवत नाही, म्हणून ती सरस मानावी. मात्र कथील-शिशाच्या जड आकृतीला चुंबक पुरेसा मोठा लागतो. रेझिनच्या काटक्या-भाले उन्हात वाकतात. गरम पाण्यात धरून ते सरळ करता येतात. चटकन चिकटणारा डिंक धक्क्याने सुटतो, म्हणून जड हातांच्या सांध्यात तारेची खीळ घालतात. कापसाच्या प्रदेशात सुटा कापूस भरण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण त्याचे तंतू बोटांत व शस्त्रांत गुंततात. मऊ कागद बरा.

घड्याळे : वेगळ्या डबीत, सेल काढून.

किल्ल्यावरची चित्रे : दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे भाजलेले असले तरी ठिसूळच. ते उभे न ठेवता कागदात गुंडाळून आडवे रचतात.