पितळी पंपाचा वायसर



पऱ्हाट्या उपटून झाल्या आणि खळ्यातली खोली आवरायला घेतली. कोपऱ्यात पोत्यांखाली आबांचा पितळी फवारणी पंप सापडला. गोल बुडाची टाकी, दहा लिटरच्या आसपासची, मधोमध दट्ट्याची नळी आणि एका खांद्याला अडकवायचा पट्टा. आधी हवा भरायची, मग ट्रिगर दाबत चालायचं, अशा जातीचा हा पंप. आता आपण पाठीवर घेतो तो दांडी हलवायचा पंप वेगळा. घरात याला अजून ‘डीडीटीचा पंप’च म्हणतात. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, १९५८ ला त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं, तेव्हा घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारायला माणसं यायची. ती आठवण या नावात राहिली असावी.

पाणी भरलं, हवा मारली. दांडा लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. हवा धरतच नाही. वर झाकणाजवळून फुसफुस. म्हटलं, उघडून बघू.

आतून निघाला तो दट्ट्याच्या टोकाचा चामडी वायसर. वाटीच्या आकाराचा, वाळून सुपारीसारखा टणक. चांगल्या स्थितीत असतो तेव्हा हा वायसर करतो काय, तर वाटीचं तोंड खाली, म्हणजे दाबाच्या बाजूला असतं. दट्ट्या खाली ढकलला की कोंडलेली हवा वाटीच्या कडा बाहेर, नळीच्या भिंतीवर दाबते. जेवढा दाब जास्त, तेवढी कड घट्ट. दांडा वर ओढताना तीच कड आत मिटते आणि बाहेरची हवा बाजूनं आत येऊ देते. एकच चामड्याचा तुकडा बूचही आहे आणि झडपही. सायकलच्या पंपात हेच, रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात हेच. ज्यांच्या घरी आईनं स्टोव्हचा वायसर काढून खोबरेल लावून परत बसवला असेल, त्यांना मी वेगळं काही सांगत नाही.

हे वायसर प्रकरण किती जुनं आहे ते शोधत गेलो आणि दोन-चार रात्री त्यातच गेल्या.

शाळेच्या पुस्तकात तो प्रयोग असायचा, दोन अर्धगोल एकत्र ठेवून आतली हवा काढली आणि घोड्यांनाही ते ओढून वेगळे करता आले नाहीत. जर्मनीत माग्देबुर्ग गावी, १६५७ साली, ओटो फॉन गेरिकेनं सोळा घोडे जुंपून तो करून दाखवला. पुस्तकात घोडे असतात, हवेचा दाब असतो. पण त्या दोन अर्धगोलांच्या मध्ये मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं चामड्याचं कडं होतं, ते कोणी सांगत नाही. ते कडं नसतं तर हवा फटीतून आत शिरली असती, आणि सोळा घोड्यांऐवजी दोन पोरांनी गोळा उघडला असता.

त्यानंतर हवेची बंदूक. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानं जिरांडोनी नावाच्या कारागिराची बंदूक घेतली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती हातपंपानं भरायची, आणि त्यासाठी साधारण १५०० झटके मारावे लागायचे. तेवढ्यात तीसेक गोळ्या जोरात सुटायच्या, धूर नाही, मोठा आवाज नाही. अमेरिकेत लुईस आणि क्लार्क यांच्या १८०३ ते १८०६ च्या मोहिमेतही याच जातीची बंदूक होती असं मानतात. पण ही बंदूक सैन्यात फार टिकली नाही. तिला जपणूक फार लागायची. चामडी वायसर ओले ठेवायचे, नाहीतर हवा गळणार. दीड हजार झटके मारून भरलेली हवा शिपायाच्या खांद्यावरच हळूहळू निघून गेली, तर त्या बंदुकीचा काय उपयोग?

हे वाचताना मला सारंगखेड्याची यात्रा आठवली. दत्तजयंतीला घोड्यांच्या बाजाराजवळ फुगे फोडायचे गाडे लागायचे. तिथला माणूस मधूनच बंदूक मोडून धरायचा आणि भोकात तेलाचा थेंब टाकायचा. आम्हाला वाटायचं, नेम चुकावा म्हणून काही लबाडी करतोय. आता कळतं, बिचारा आतल्या चामडी वायसरला तेल पाजत होता. गर्दीच्या दिवशी बंदूक हवा सोडायला लागली तर धंदाच बसेल.

वाटीच्या आकाराचा वायसर मोठ्या दाबाला वापरण्याचं श्रेय बहुतेक जण लंडनच्या हेन्री मॉडस्लेला देतात. जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात तो कामाला होता. ब्रामानं १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब वाढला की दट्ट्याच्या बाजूनं पाणी सुटायचं. बाहेरून आवळून आवळून पाहिलं तर दट्ट्याच अडकायचा. मग दाबानंच आपलं बूच आवळावं, अशी ती चामड्याची वाटी आली. रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसपासून जॅकपर्यंत सगळ्यांच्या मुळाशी ही युक्ती आहे.

शेतात ती आली फ्रान्समधून. १८८५ च्या सुमाराला द्राक्षावर बोर्डो मिश्रण सुरू झालं, आपलं मोरचूद आणि चुन्याचं, जे मिरचीवाले आणि द्राक्षवाले आजही करतात. ते शिंपायला तिथल्या व्हेरमोरेल नावाच्या कारखानदारानं पाठीवरचा पंप काढला. त्याआधी लोक केरसुणीनं शिंपडत. मोरचुदानं लोखंड खाल्लं जातं, म्हणून तांब्या-पितळेच्या टाक्या. आबांचा पंप पितळेचा का, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आता आपल्याकडचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. १९७२ चा दुष्काळ. खडकात बोअर घेणारी यंत्रं आली, गावोगावी हातपंप बसले. बसवलेले बीडाचे पंप एका घराच्या वापराचे, आणि त्यांच्यावर सगळं गाव तुटून पडलेलं. काही महिन्यांत दांडे मोडले, पिना झिजल्या, आणि जमिनीखाली सिलिंडरमधले चामडी वायसर गेले. त्या अडचणीतून महाराष्ट्रातच जालना पंप आणि सोलापूर पंप हे दणकट नमुने तयार झाले. सोलापूरच्या पंपावरून पुढे युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क दोन आला, जो आज गावाच्या चौकात दिसतो. दांड्याला साखळी असते तो.

पण मार्क दोनचंही एक दुखणं राहिलं. वायसर बदलायचा तर अख्खी पाइपलाइन वर काढावी लागायची. चार-सहा माणसं, तिकाटणं, चेन, तालुक्याची गाडी. गाडी येईपर्यंत बायका पुन्हा विहिरीवर. म्हणून मार्क तीन काढला. पाइप रुंद केले, म्हणजे पाइप जागेवर ठेवून नुसता दट्ट्या वर ओढता येतो आणि गावातला माणूस वायसर बदलू शकतो. चामड्याच्या जागी नायट्राइल रबर आलं, ते चामड्यापेक्षा खूप जास्त टिकलं. विचार करा, चार बोटांच्या वायसरपायी पाइपसकट सगळ्या पंपाची रचना बदलावी लागली.

रबराच्या गोल कड्याची, ओ रिंगची, गोष्ट थोडक्यात सांगतो. नील्स क्रिस्टन्सन हा डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला माणूस, सत्तरी ओलांडल्यावर त्याला १९३९ मध्ये पेटंट मिळालं. खाचेत एक गोल कडं, बस. महायुद्धात विमानांना लागली म्हणून तिथल्या सरकारनं ती सगळ्या कारखान्यांना खुली केली. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान फुटलं, सात जण गेले, ते थंडीत ताठरलेल्या ओ रिंगमुळे. डिसेंबरात पहाटे आपला पंप जास्त गळतो आणि ऊन चढल्यावर कमी, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता माझी चूक सांगतो.

२०१५ च्या पावसाळ्यात आमच्याकडचा प्लास्टिकचा पंप झाकणातून गळत होता. बाजारात जायचा कंटाळा, म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वायसर केला. आपण सगळेच करतो. पहिल्या दिवशी छान बसला. तिसऱ्या दिवशी तो फुगून पुरीसारखा झाला, कडेनं सुरकुत्या. बऱ्याच ‘ईसी’ औषधांत कीटकनाशक पेट्रोलच्या जातीच्या द्रावकात विरघळवलेलं असतं, आणि ट्यूबचं रबर ते द्रावक पिऊन फुगतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सालदार म्हणाला, “भाऊ, पाठ वली व्हयी ऱ्हायनी.” मी म्हटलं, घाम असेल, ऊन केवढं आहे. दुपारपर्यंत त्यानं चार पंप मारले. संध्याकाळी उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ. रात्रीच धुळ्याला नेला. तीन दिवसांनी घरी आला, बरा झाला. त्याच्या बायकोनं मला काही म्हटलं नाही, नुसता तो सदरा दाखवला. पाठीवर पट्ट्याच्या आकाराचा पिवळा डाग होता. पुढच्या आखाजीला त्यानं साल दुसरीकडे धरलं.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, यवतमाळकडून बातम्या येऊ लागल्या. फवारणी करताना विषबाधा होऊन एका जिल्ह्यात वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं पुष्कळ सांगितली गेली: डोक्याएवढा वाढलेला कापूस, दोन-तीन औषधं एकत्र करणं, मास्क-हातमोजे नसणं. ते वाचून मी पहिल्यांदा शेडमध्ये गेलो आणि सगळ्या पंपांची झाकणं उघडून बघितली. घामानं भिजलेल्या कातडीतून औषध लवकर आत जातं, हे डॉक्टरांनी धुळ्यालाच सांगितलं होतं. मी तेव्हा मान डोलावली होती.

हल्लीच्या बॅटरीच्या पंपांबद्दल एकच म्हणतो. सोय आहे, हात दुखत नाही. पण दाब करणारी मोटर बंद डब्यात असते, गळायला लागली की दुकानदार म्हणतो पूर्ण बदला. झाकण, नळीचा सांधा आणि ट्रिगर इथले ओ रिंग मात्र आपल्या हातातले आहेत. घेताना दुकानात विचारा, रबर नायट्राइलचं आहे की व्हायटॉनचं. तीव्र द्रावकाला व्हायटॉन जास्त तग धरतं. साधं काळं रबर स्वस्त, पण फुगतं. रबराला ग्रीस लावायचंच तर सिलिकॉनचं.

आबांच्या पंपाला परत येतो. बाजारपेठेत एक म्हातारे चर्मकार बसतात, त्यांच्याकडे जुना वायसर घेऊन गेलो. “काका, असा होईल का?” त्यांनी नखानं कड दाबून पाहिली. “व्हयी. पन क्रोमनं कातडं वाटी धरत नही भाऊ, बाभूयनी सालनं कमायेल पाहिजे.” असा तुकडा त्यांच्याकडे होता. पाण्यात भिजवला, पाइपच्या तुकड्यावर ठेवला, लाकडी गोल खुंटा वरून ठोकला आणि तसाच दाबात वाळवला. दुसऱ्या दिवशी वाटी तयार. कड पातळ तासून दिली. पैसे देऊन निघालो तर मागून म्हणाले, “पहिले त्याले तेल पाज, मंग देख.” रात्रभर एरंडेलात ठेवला.

ज्यांच्याकडे असा पंप असेल त्यांच्यासाठी पारख सांगून ठेवतो. दांडा खाली जाताना जोरच लागत नसेल, तर वायसर वाळलाय किंवा उलटा बसलाय. दांडा दाबून सोडल्यावर आपोआप वर येत असेल, तर वायसर ठीक आहे, नळीच्या बुडाशी असलेली झडप गळते. तिथे बहुतेक वेळा कचरा अडकलेला असतो. दोन्ही ठीक आणि तरी दाब उतरतो, तर झाकणावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. आणि टाकी जुनी असेल तर झाली म्हणून हवा मारत सुटू नका. भिंतीवर फवारणारे ५५ पौंडांवर थांबतात, जुन्या पितळेला त्याच्याही अलीकडे थांबवा. फुटलेली टाकी वायसरनं सांधत नाही. पहिली चाचणी साध्या पाण्यानं, औषधानं नाही.

नवा वायसर बसवला तसा दांड्याला पुन्हा जोर लागायला लागला. परवा रात्री पाणी आणि हवा भरून पंप ओट्यावर ठेवला. सकाळी ट्रिगर दाबला तर फवारा अंगणाच्या तुळशीपर्यंत गेला. यात मी निंबोळी अर्काशिवाय काही भरणार नाही. झाकणाजवळ मिनिटाला एखादा बुडबुडा अजून येतो. तिथला वायसर पुढच्या बाजाराला करून आणतो.