बुडत्याला जाकिटाचा आधार

मी बँकेत कारकून आहे आणि बोरिवलीला राहतो. या दोन्ही गोष्टींमुळे गर्दीत तग धरून राहण्याची मला सवय आहे. रोज सकाळी चर्चगेट फास्टमध्ये एका पायावर उभं राहून, दुसऱ्याच्या काखेखालून श्वास घेत अंधेरी गाठणाऱ्या माणसाने पाण्याला काय म्हणून भ्यावं, असं माझं प्रामाणिक मत होतं. शिवाय मला पोहता येत नाही. पोहता येणारी माणसं उगाच पाण्यात उतरतात आणि संकट ओढवून घेतात. न पोहणारा आपला काठावर चणे खात उभा असतो. कॉमर्सच्या पदवीधराला एवढा हिशेब कळतो.

हा हिशेब पहिल्यांदा चुकला तो २०१९ च्या डिसेंबरात, आमच्या स्टाफच्या सहकुटुंब सहलीत. सहल घारापुरीला. गेटवेहून लाँचने तासाभराचा रस्ता. निघण्यापूर्वी आमच्या हेडकॅशियरांनी माणसं एकदा मोजली आणि बटाटेवडे तीनदा. लाँच सुटली, गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या, आणि आमच्या मुलीने मान वर केली.

ती तेव्हा सहा वर्षांची होती. या वयातली मुलं ऑडिटरसारखी असतात. सगळी पानं सोडून नेमकं नको ते पान उघडतात. लाँचच्या छताला, फळ्यांच्या मागे, नारिंगी जाकिटं कोंबलेली होती आणि त्यांवरून नायलॉनची दोरी अशी करकचून आवळलेली होती, की बुडणाऱ्या माणसाने आधी गाठी सोडवायचा क्लास लावावा.

“बाबा, ते वर काय आहे?”

“लाइफ जॅकेट.”

“ते कोणी घालायचं?”

“जे बुडतात त्यांनी.”

“पण आपण बुडणार आहोत हे त्यांना आधी कसं कळतं?”

मी हेडकॅशियरांकडे पाहिलं. हेडकॅशियरांनी समुद्राकडे पाहिलं. शेवटी खलाशालाच दया आली. “काय नाय होनार, दर्या शांत हाय,” तो म्हणाला. खरं सांगायचं तर, त्याने दोरी सोडून जाकीट पुढे केलं असतं तरी मी ते घातलं नसतं. नव्या शर्टाची इस्त्री मोडली असती आणि पट्टा पोटावर पुरला नसता तर सगळ्या शाखेला वर्षभर विषय मिळाला असता. बुडण्यापेक्षा हसं होण्याची भीती मध्यमवर्गीय माणसाला जास्त असते. आम्ही सुखरूप परत आलो. इथेच घोटाळा झाला. सुखरूप परत आलेला माणूस काही शिकत नाही.

पाच वर्षांनी, त्याच वाटेवर, १८ डिसेंबर २०२४ ला दुपारी चारच्या सुमारास ‘नीलकमल’ नावाच्या लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. लाँचवर शंभराहून अधिक माणसं होती. परवाना होता ८४ प्रवाशांचा. पंधरा माणसं गेली. अनेकांच्या अंगात जाकीट नव्हतं. मी टीव्हीसमोर बसलो होतो. मुलगी आता अकरा वर्षांची होती. ती काही बोलली नाही, पण मला तिचा जुना प्रश्न ऐकू आला.

मग मी जाकिटाचं खातं उघडलं आणि अगदी पहिल्या नोंदीपासून तपासलं.

पहिली नोंद बुचाची. १८५४ साली इंग्लंडातल्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेत वॉर्ड नावाचे एक निरीक्षक होते. त्यांनी बुचाचे तुकडे कॅनव्हासवर शिवून नावाड्यांसाठी जाकीट तयार केलं. नावाडी कुठलेही असोत, अंगात काही घाला म्हटलं की त्यांना ते अवजडच वाटतं. ९ फेब्रुवारी १८६१ ला व्हिटबी गावच्या तेरा नावाड्यांनी भर वादळात एकामागून एक जहाजांवरची माणसं वाचवली आणि शेवटच्या खेपेला त्यांचीच नाव उलटली. बारा गेले, एक वाचला. त्याचं नाव हेन्री फ्रीमन. नवं बुचाचं जाकीट एकट्या त्याच्याच अंगात होतं. जाकिटाची याहून बिनतोड जाहिरात कोणाला करता आली नसती, आणि याहून महागही.

पुढे बूच जाऊन कापोक आला. नाव परदेशी आहे म्हणून बिचकू नका. आपल्या सावरीच्या भाऊबंदांतल्या एका झाडाचा हा कापूस. पोकळ, हलका आणि मेणचट; पाणी पीत नाही. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना फुगवायची जाकिटं मिळाली. त्यांना शिपायांनी ‘मे वेस्ट’ या हॉलिवूडच्या भरदार नटीचं नाव दिलं. का दिलं, ते सुज्ञांस सांगणे न लगे. आता आत फोम असतो.

हे झालं जाकिटाचं. नियमांचं खातं वेगळं, आणि त्यात आमच्या मुंबईच्या नोंदी ठळक आहेत. आपल्याकडे नियम नव्हते असं कोणी समजू नये. फेरीबोटींचा कायदा मुंबई इलाख्यात १८६८ सालीच झाला होता. वीसच वर्षांनी, नोव्हेंबर १८८८ मध्ये, कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट वादळात सापडली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसं होती. एकही परतलं नाही. मुलुंडच्या आमच्या एका कच्छी खातेदाराने पासबुक भरून घेताघेता मला तिची सगळी कथा ऐकवली. रांगेतले लोक ओरडले तेव्हा थांबला. तिच्यावर गुजरातीत गाणी झाली. सरकारने चौकशीही नेमली आणि आगबोटीवर जीवरक्षक नौका आणि जाकिटं पुरेशी नव्हती असा निष्कर्ष निघाला. म्हणजे गाणी आणि अहवाल दोन्ही झालं. गाणी लोकांच्या लक्षात राहिली.

मग १९१२ साली ‘टायटॅनिक’. तिची गोष्ट आम्हा कारकून लोकांनी चौकटीत लावावी अशी आहे. तेव्हाचा ब्रिटिश नियम असा, की दहा हजार टनांच्या वरच्या जहाजावर सोळा नौका हव्यात. नियम करताना सेहेचाळीस हजार टनांचं जहाज कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ‘टायटॅनिक’वर वीस नौका होत्या, म्हणजे नियमापेक्षा चार जास्तच. कागद चोख होता. नौकांत जागा ११७८ आणि जहाजावर माणसं बावीसशेच्या घरात. जाकिटं मात्र सगळ्यांना पुरून उरतील इतकी होती. पण ते पाणी बर्फाचं होतं, आणि जाकीट माणसाला तरंगतं ठेवतं, गरम ठेवत नाही. दोन वर्षांनी, १९१४ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला. नौका टनावर न मोजता डोक्यावर मोजायच्या, असं ठरायला दीड हजार डोकी जावी लागली.

आता इथवर वाचून आपण म्हणाल, हे सगळं पुस्तकातलं झालं. माझंही तसंच होतं. पण पुढची नोंद आमच्या घरातली आहे.

आमची आजी अलिबाग तालुक्यातली. तिच्या उशीत सावरीचाच कापूस होता. ती बोटीत कधी बसली नाही. माहेरी जायची ती एस.टी.ने, पनवेल-पेण-वडखळ करत, हाडं खिळखिळी करून घेत. “अगं आई, भाऊच्या धक्क्यावरून तासाभरात रेवस,” असं बाबा म्हणायचे. आजी म्हणायची, “तुम्ही जा हो. मी रेवस बघितलंय.”

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना राहिला होता. आषाढ संपत आला होता, आणि अमावास्येला मुंबईतली कोकणी माणसं घरी निघाली होती. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला ‘रामदास’ बोट सुटली. समुद्र खवळलेला. काशाच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलली, घाबरलेली माणसं जागा सोडून धावली, आणि बोट उलटली. मुंबईपासून अवघ्या काही मैलांवर. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला काही तास पत्ताच नाही. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून काहींना वाचवलं. एक लहान मुलगा लाइफबॉय धरून तरंगत पार गेटवेच्या बाजूला आला. सहाशेहून अधिक माणसं गेली.

आजी अकरा वर्षांची होती. तिचा थोरला भाऊ गिरगावात नोकरीला होता आणि त्याचं पत्र आलं होतं. ती वडिलांचा हात धरून रेवस बंदरावर उभी होती. तिने एवढंच सांगितलं होतं, तेही एकदाच, मी दहावीत असताना. नंतर म्हणाली, “बोटीत पाय टाकण्याआधी बघून ठेवावं, कशाला धरायचं ते.” मी तेव्हा हसलो होतो. आजीला भौतिकशास्त्र कळत नाही, असं मला वाटलं. मला त्या विषयात चाळीस मार्क होते.

ते भौतिकशास्त्र मी आता शिकलो. माणसाचं अंग पाण्यात जवळजवळ तरंगतंच. डोकं पाण्यावर ठेवायला तूट पडते ती फक्त तीन ते पाच किलोंच्या उचलीची. बँकेच्या भाषेत म्हणजे माणूस बुडतो तो किरकोळ ओव्हरड्राफ्टपायी, आणि जाकीट ती रक्कम आधीच भरून ठेवतं. आपला समुद्र कोमट असतो. ‘टायटॅनिक’च्या माणसांना जे मिळालं नाही, ते इथे मिळू शकतं: वेळ. जाकीट घातलेला माणूस मदत येईपर्यंत तासन्‌तास तग धरतो. आणि चांगलं जाकीट शुद्ध हरपलेल्या माणसालाही उताणं करून त्याचं तोंड वर ठेवतं. एवढं तर आमची युनियनही करत नाही.

पण त्याला अटी आहेत. ते आधी घालायला हवं. पाण्यात पडल्यावर, लाटा नाकातोंडात जाताना, जाकीट चढवणं हे चालत्या गाडीत शर्टाला बटण शिवण्यासारखं आहे. पट्टे आवळायला हवेत, नाहीतर माणूस खाली जातो आणि जाकीट एकटंच वर येतं. लहान मुलाला मोठ्याचं घालून भागत नाही. त्याला त्याच्या वजनाचं हवं, आणि पायांतून घ्यायचा पट्टा असेल तर तो बांधायलाच हवा. शिट्टी शोभेची नाही. लाटांत माणसाचा आवाज पोचत नाही, शिट्टीचा पोचतो. नारिंगी रंगही कोणाच्या आवडीचा नाही. तो पाण्यात लांबून दिसतो म्हणून.

नियम आता भरपूर आहेत. १९१७ चा जलवाहतुकीचा कायदा जाऊन २०२१ चा आला. त्यात तपासणी आहे, नोंदणी आहे, विमा आहे, जीवरक्षक साधनं आहेत. जानेवारी २०१८ मध्ये डहाणूच्या समुद्रात शाळकरी मुलांची सहलीची बोट उलटून तीन मुली गेल्या, तेव्हा जाकिटांवर चर्चा झाली. ‘नीलकमल’नंतर गेटवेच्या लाँचींवर जाकीट सक्तीचं झालं. हे खातं उलगडताना मला एकच गोष्ट पुन:पुन्हा दिसली. प्रत्येक नियम बुडालेल्यांनी लिहिलेला आहे, आणि तो छताला बांधून ठेवायचं काम आपण तरंगणाऱ्यांनी केलं आहे. खलाशाच्या दोरीला मी नावं ठेवली, पण तिची एक गाठ माझ्या इस्त्रीच्या शर्टाने मारलेली होती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं पुन्हा घारापुरीला गेलो. लाँचवर चढतानाच जाकिटं हातात आली. आमच्या हिने निमूटपणे घातलं. माझा पट्टा पोटावर अडला. मुलगी आता बारा वर्षांची, तिने गुडघा टेकून पट्टा ओढला आणि साऱ्या लाँचला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, पोट आत घे!” लाँचभर हशा पिकला. ज्याला मी पाच वर्षं भीत होतो ते घडलं, आणि आश्चर्य म्हणजे मी जिवंत होतो.

गेटवे मागे पडलं तशी फोटोंसाठी जाकिटं उतरू लागली. कोणी मांडीवर घेतलं, कोणी बुडाखाली. दक्षिणेला, जिकडे रेवस आहे, तिकडे समुद्र नुसता चकाकत होता. मी तिकडे बघत राहिलो.

“बाबा, ही शिट्टी वाजते का बघू?”

एरवी मी तिला गप्प बसवलं असतं. मी म्हटलं, “वाजव.”

तिने छाती भरून वाजवली. सगळे दचकून वळले. दोनचार लोक चिडले. समोर बसलेल्या एका आजींनी मात्र मांडीवरचं छोटं जाकीट उचललं, नातवाच्या डोक्यातून घातलं आणि पट्टा लावून दिला.

घारापुरीला उतरल्यावर डबा उघडला. या खेपेला मी वडे मोजले नाहीत. माणसं मात्र तिनाची तीन होती, तरी तीनदा मोजली.