तोफा, लिंबू आणि चिखलदऱ्याचा घाट

आम्हा अकोलेकरांना डोंगराचं काय कौतुक ठाऊक असणार? जठारपेठेत वाढलेल्या माणसाला चढ म्हणजे घराचा जिना. बाकी सगळं पूर्णेचं खोरं, काळी जमीन, कपाशी आणि नाकासमोर जाणारा रस्ता. त्यामुळे घाट लागला की आमचा इतिहास संपतो आणि पोटातला भूगोल सुरू होतो.

लहानपणी मामांबरोबर चिखलदऱ्याला निघालो तेव्हा आईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक लिंबू बांधून दिलं होतं. दशम्या अकोटच्या आतच संपल्या. लिंबू उरलं, कारण त्याची वेळ यायची होती.

मामांना इतिहासाचं वेड. अकोट आलं की ते पश्चिमेकडे बोट दाखवून म्हणत, "तिकडे अडगाव. 29 नोव्हेंबर 1803!" अंजनगाव सुर्जीला एस. टी. थांबली, की "30 डिसेंबर 1803, शिंद्यांचा तह!" इतर प्रवासी शेंगा घ्यायला उतरत, आम्ही तहावर सह्या करायला. असं एक अख्खं युद्ध पुढेमागे करत आमची गाडी परतवाड्याला पोचली आणि घाट सुरू झाला.

तिसऱ्या वळणाला मी पांढरा पडलो. कंडक्टर अनुभवी. म्हणाला, "लिंबू हुंगत राय भाऊ, खाली पाहू नोको." मामा मात्र रंगात आले होते. "अरे, याच डोंगरांतून इंग्रजांनी हातांनी तोफा ओढल्या!"

"मामा, मला उलटी होतेय."

"तोफांना झाली नव्हती!"

पुढं काय झालं ते सांगत नाही. पण मोठेपणी ती हकीकत वाचली, तेव्हा मामांचा राग मावळला. गाविलगड म्हणजे नागपूरकर भोसल्यांचा भरवशाचा किल्ला. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहा वलीनं बांधून काढलेला. दक्षिणेची वाट सरळ दरवाजाशी जायची, पण इतकी उभी की माणूसच कसाबसा चढेल, मोठी तोफ कुठली चढायला! खरा तट दगडाचा नव्हताच. रस्ता नसणं हाच तट होता.

आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढं 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, दक्षिणेला देवगावकडे राहिला. कर्नल स्टीव्हन्सनला त्यानं डोंगराला वळसा घालून उत्तरेच्या अंगानं पाठवलं. 7 ते 12 डिसेंबर 1803 हे सहा दिवस त्या फौजेनं एकच काम केलं: आधी रस्ता करायचा, मग त्यावरून तोफ ओढायची. दऱ्या, नाले, झाडी. पुन्हा कुदळ, पुन्हा दोर. असे कष्ट मी कधी पाहिले नव्हते, अशी कबुली खुद्द वेलस्लीनं दिली. 15 तारखेला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांत, 17 डिसेंबरला, देवगावला भोसल्यांचा तह झाला.

विजय वेलस्लीच्या नावावर जमा झाला. स्टीव्हन्सनचं नाव तरी इतिहासात राहिलं. दोर ओढणारे शिपाई बहुतेक आपल्याच देशातले होते. त्यांतल्या एकाचंही नाव मामांना सांगता येत नसे. तारखा तोंडपाठ असलेला तो माणूस तिथं गप्प व्हायचा.

तेव्हापासून घाट चढताना मला बेनीसिंगाची आठवण येते. वाट नाही म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस! मेळघाटातलं सागाचं जंगलही बरंचसं असंच, अवघड वाटांच्या आडोशानं टिकलं. 1974 साली तिथं व्याघ्रप्रकल्प झाला. आमची अकोला-खंडवा मीटरगेजची गाडी त्याच जंगलातून, धुळघाटाजवळ स्वतःभोवती वळसा घेत डोंगर चढायची. पुढं रूळ रुंद करायचे ठरले, तेव्हा ते वाघांच्या घरातून न्यायचे की बाहेरून, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी बाहेरची वाट धरायचं ठरलं. मामा असते तर त्यांनी ही तारीखसुद्धा पाठ केली असती.

आता खरं सांगायचं तर माझं मन दुटप्पी आहे. घरी आरामखुर्चीत बसलो की मी वाघाच्या बाजूचा. म्हणतो, नको ते रुंद रस्ते, वळणं राहू द्या. पण परतवाडा मागं पडून तिसरं वळण आलं, की पोट स्टीव्हन्सनच्या फौजेत सामील होतं आणि ओरडू लागतं: फोडा हा डोंगर, करा रस्ता सरळ!

म्हणून मी अजूनही एस. टी.नंच जातो आणि खिशात लिंबू ठेवतो. एवढ्याशा लिंबावर एक डोंगर जर वाचत असेल, तर सौदा महाग नाही.