नागपूरहून सुटलेली गाडी आणि टिळकांचा दरबार

आमच्या रामदासपेठेत जिकडे बघाल तिकडे दवाखाने, त्यामुळे भाड्यानं राहणाऱ्या नर्सही पुष्कळ. शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर नगर जिल्ह्यातली एक ख्रिस्ती मुलगी राहते. रविवारी चर्चला जावं तर नेमकी ड्यूटी. म्हणून तिनं आणि दोन मैत्रिणींनी ठरवलं की बुधवारी संध्याकाळी खोलीवरच बसायचं, चार गाणी म्हणायची, प्रार्थना करायची. घरमालकांनी जिन्यातच अडवून विचारलं, "किती जणी येणार? धर्मांतराचं वगैरे काही नाही ना?" माणूस वाईट नाही, बातम्या बघून घाबरलेला आहे. पण पोरीनं तो विषय तिथंच सोडून दिला.

तिच्या टेबलावर 'उपासना संगीत' होतं. त्यातली कितीतरी गाणी रेव्हरंड ना. वा. टिळकांची. आणि गंमत बघा, या टिळकांच्या ख्रिस्ती होण्याची सुरुवात आपल्याच नागपूरच्या गाडीत झाली.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित, शीघ्रकवी, आणि एका जागी टिकतील तर शपथ! नागपूरला ते आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, जुन्या संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. पुढे 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. आधी कवितेवर बोलणं झालं, मग धर्मावर. उतरायच्या आधी त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि सांगितलं की हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत काही पटलं नाही, पण वाचायचा शब्द दिला होता म्हणून पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला बसले. डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत पोचले आणि पुस्तक खाली ठेववेना.

पुढची दोन वर्षं मला या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात अवघड वाटतात. मनात विश्वास बसत चाललाय, पण बोलायचं कुणाशी? बायकोशी नाही, भावाबहिणींशी नाही, नोकरीच्या ठिकाणी तर नाहीच. नागपुरात ख्रिस्ती माणसं नव्हती असं थोडंच आहे? स्टीफन हिस्लॉप इथं 1845 मध्येच आले होते, त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून चालू होतं. पण त्या काळी एखादा ब्राह्मण पंडित मिशनच्या दारात नुसता दिसला असता तरी दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. टिळकांचा आधार म्हणजे दूरच्या ख्रिस्ती मंडळींशी चाललेला पत्रव्यवहार. धर्मबंधू भेटले ते आधी टपालातून!

10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. सोबतीला मंडळी मिळाली आणि सगळ्यात जवळचं माणूस तुटलं. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत, लहानग्या दत्तूला घेऊन, लोकांची बोलणी खात राहिल्या. काही वर्षांनी त्या नगरला नवऱ्याकडे परतल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळतच. मग हळूहळू त्यांचं त्यांनाच दिसायला लागलं की जाती देवानं केलेल्या नाहीत, त्या माणसांच्या आहेत. त्यांचा बाप्तिस्मा 1900 चा. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना आठवत असेल, हसवता हसवता त्या केवढं सांगून जातात. मला विचाराल तर टिळकांना खरा सहविश्वासी लाभला तो तेव्हा. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हातात घेऊन त्यात साठाहून जास्त अध्यायांची भर याच बाईंनी घातली, आणि शाळेचं तोंडही न पाहता.

टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन आणलं. 1912 पासून 'ज्ञानोदय'चा मराठी भाग सांभाळला. पण इतकं होऊनही ते स्वस्थ नव्हते. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. कल्पना धाडसाची होती. ख्रिस्ताला मानणाऱ्या सगळ्यांनी एकत्र बसायचं, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. दोन्ही बाजूंना खटकावी अशीच ही गोष्ट. चर्चवाले विचारणार, मग बाप्तिस्म्याला अर्थ काय उरला? बाहेरचे म्हणणार, हे नवं जाळं! मला मात्र वाटतं, पेन्सिल घेऊन एकटाच वाचत बसलेला राजनांदगावचा तो माणूस टिळक कधी विसरले नसावेत. त्याला बसायला जागा हवी होती. 9 मे 1919 ला टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

धर्मांतराच्या संशयाचीही नागपूरला जुनी ओळख आहे. 1954 मध्ये, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, मिशनऱ्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त सरन्यायाधीश भवानीशंकर नियोगी. अहवाल 1956 मध्ये आला, मिशनऱ्यांवर चांगलाच कडक. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली, तेव्हा बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत हेच नियोगी होते! त्यांना कुणी आमिष दाखवलं होतं, असं अजून तरी कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

असो. हे सगळं मी काल घरमालकांना सांगत बसलो. 'केवढे हे क्रौर्य' त्यांना शाळेपासून येतं. "ते टिळक ख्रिस्ती होते?" एवढंच म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. निघताना म्हणाले, बुधवारी बसू दे त्यांना, पण दार उघडं ठेवायला सांगा. दाराचं मला पटलेलं नाही. मुलीला हा निरोप अजून द्यायचाय, तिची नाईट चालू आहे.